हान्स-डीट्रिश गेन्शर: एवढ्याशा पक्षाचा नेता अठरा वर्षे परराष्ट्रमंत्री कसा राहिला?

पिंपळपान (धागाकर्ता)

नमस्कार. १९८९ साली पूर्व जर्मनीतून निघालेले हजारो लोक प्रागमधील पश्चिम जर्मन वकिलातीच्या आवारात अडकून पडले होते. तो प्रसंग वाचताना तत्कालीन परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर यांच्याविषयी कुतूहल निर्माण झाले आणि मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्याने समाधान होण्याऐवजी गोंधळच वाढला. कुणी त्यांना जर्मन एकीकरणाच्या शिल्पकारांपैकी एक मानते, तर कुणी १९८२ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेल्मुट श्मिट यांची साथ सोडून ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे हेल्मुट कोल यांच्या पंगतीला जाऊन बसलेला संधिसाधू म्हणून त्यांची संभावना करते. 'गेन्शरवाद' असा एक शब्दही त्या काळी वॉशिंग्टन आणि लंडनमध्ये रूढ झाला होता, आणि तो कौतुकाने वापरला जात नव्हता.

त्यांचा फ्री डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे एफडीपी, १९७४ ते १९९२ या काळातील निवडणुकांत सात ते अकरा टक्क्यांच्या पलीकडे गेलेला दिसत नाही. अशा पक्षाच्या नेत्याने एवढ्या मोठ्या देशाचे परराष्ट्र खाते अठरा वर्षे सांभाळावे, हे कसे घडले? १९८२ च्या निर्णयाकडे कसे पाहावे? आणि १९९० च्या वाटाघाटींत त्यांचे स्वतःचे असे नेमके काय होते, की श्रेय मुख्यतः कोल यांचेच आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोकणकडा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीच्या निवडणूक पद्धतीत आहे. तेथे प्रत्येक मतदाराला दोन मते असतात. पहिले मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे पक्षाच्या यादीला दिले जाते, आणि संसदेतील पक्षांचे बळ मुख्यतः दुसऱ्या मताने ठरते. पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्या पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळत असल्यामुळे, एकही मतदारसंघ न जिंकता एफडीपी दर निवडणुकीत संसदेत येत असे. १९६१ पासून ग्रीन पक्ष १९८३ मध्ये संसदेत येईपर्यंत तेथे ख्रिश्चन डेमोक्रॅट व त्यांचा बव्हेरियातील भगिनीपक्ष, सोशल डेमोक्रॅट आणि एफडीपी एवढेच गट होते. दोन मोठ्या गटांपैकी एकालाही बहुमत मिळत नसे, त्यामुळे तागडीतला तिसरा, छोटा वजनमापाचा दगड ज्या पारड्यात पडेल ते पारडे खाली जाई. मतदारांनाही हे ठाऊक होते. पहिले मत मोठ्या पक्षाला आणि दुसरे एफडीपीला, अशी विभागणी बरेच जण जाणीवपूर्वक करीत, कारण आपल्या आवडत्या मोठ्या पक्षावर कुणाचा तरी लगाम असावा असे त्यांना वाटे.

मात्र पद्धतीने संधी दिली, एवढ्याने अठरा वर्षे निघत नाहीत. त्यासाठी गेन्शर यांची घडण पाहावी लागेल.

त्यांचा जन्म २१ मार्च १९२७ रोजी हाले शहराजवळच्या राइडेबुर्ग या गावी झाला. वडील नऊ वर्षांच्या मुलाला मागे ठेवून वारले. सोळाव्या वर्षी विमानवेधी तोफांवर साहाय्यक म्हणून भरती, युद्धाच्या अखेरीस जनरल वेंक यांच्या सैन्यात काही आठवडे, मग युद्धकैद, आणि सुटून घरी येतो न येतो तोच क्षयरोग, असे त्यांचे तारुण्य गेले. पुढच्या दहा-अकरा वर्षांतील सुमारे साडेतीन वर्षे त्यांनी रुग्णालयांत आणि आरोग्यधामांत काढली. हाले आणि लाइपझिग येथे कायद्याचे शिक्षण घेतानाच ते सोव्हिएत नियंत्रणाखालील विभागातील उदारमतवादी पक्षाचे सदस्य झाले होते. तो पक्ष कम्युनिस्टांच्या दावणीला बांधला जात असल्याचे पाहून १९५२ च्या ऑगस्टमध्ये ते पश्चिम बर्लिनमार्गे ब्रेमेनला निघून गेले. म्हणजे प्रागच्या बागेतील माणसांनी १९८९ मध्ये जे केले, ते त्यांनी सदतीस वर्षे आधी स्वतः केले होते.

१९५६ मध्ये ते पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनला, पक्षाच्या संसदीय गटाच्या कचेरीत साहाय्यक म्हणून आले. खासदार होण्याआधी नऊ वर्षे त्यांनी ही पडद्यामागची कामे केली: मसुदे तयार करणे, मतांची जुळवाजुळव करणे, कोण कुणावर रुसला आहे याची नोंद ठेवणे. माझ्या मते त्यांच्या पुढच्या मुत्सद्देगिरीची खरी शाळा हीच. १९६५ मध्ये ते संसदेत निवडून आले आणि १९६९ मध्ये चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या सरकारात गृहमंत्री झाले.

गृहमंत्रिपदाचा काळ सहसा दोन ओळींत उरकला जातो, तो तसा उरकू नये. म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५ सप्टेंबर १९७२ रोजी पॅलेस्टिनी दहशतवाद्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले, तेव्हा त्यांच्या बदल्यात स्वतःला ओलीस ठेवून घेण्याची तयारी गेन्शर यांनी दर्शवली होती, ती नाकारली गेली. ओलिसांना पाहण्यासाठी ते त्या इमारतीत जाऊन आले. रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर सुटकेचा प्रयत्न सपशेल फसला, तेव्हाही ते तेथे हजर होते. एकूण अकरा इस्रायली मारले गेले. कारवाईचे अधिकार बव्हेरियाच्या पोलिसांकडे असले तरी त्यांनी राजीनामा देऊ केला, जो ब्रांट यांनी स्वीकारला नाही. त्याच महिन्यात जीएसजी ९ या विशेष पथकाची स्थापना झाली. याच पथकाने ऑक्टोबर १९७७ मध्ये मोगादिशू येथे लुफ्तान्साच्या अपहृत 'लाण्ड्सहूट' विमानातील ओलिसांची सुटका केली. पर्यावरण हा विषयही तेव्हा गृहखात्याकडेच होता, आणि १९७१ चा पहिला पर्यावरण कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीतला आहे.

तिसरी घंटा

कोकणकडा यांनी चांगली मांडणी केली आहे, परंतु गृहमंत्रिपदाच्या जमाखर्चात एक मोठी खर्चाची बाजू राहून गेली आहे. ब्रांट यांचा निकटचा साहाय्यक ग्युंटर गियोम हा पूर्व जर्मनीचा हेर असल्याचा संशय मे १९७३ मध्ये गुप्तचर यंत्रणेच्या प्रमुखांनी गेन्शर यांच्या कानावर घातला आणि त्यांनी तो ब्रांट यांना सांगितला. पुरावा मिळेपर्यंत गियोमला जागेवरून हलवू नये, केवळ नजर ठेवावी, असा सल्ला देण्यात आला. परिणामी त्या उन्हाळ्यात ब्रांट नॉर्वेत सुटीवर असताना गोपनीय तारा याच माणसाच्या हातून जात राहिल्या. एप्रिल १९७४ मध्ये गियोमला अटक झाली आणि मे महिन्यात ब्रांट पायउतार झाले. ज्यांच्या खात्याच्या अखत्यारीत हे सारे घडले, ते गेन्शर मात्र १७ मे रोजी परराष्ट्रमंत्री आणि उपचॅन्सेलर झाले, कारण त्यांच्याच पक्षाचे आधीचे परराष्ट्रमंत्री वाल्टर शेल राष्ट्राध्यक्षपदी जाणार होते आणि परराष्ट्र खाते पक्षाच्या वाट्याचे होते. घोडचुकीनंतर बढती मिळणे हे राजकारणात नवीन नसले, तरी चरित्रात ते लिहिले जावे.

आता १९८२. येथे आपल्याकडचा 'पक्षांतर' हा शब्द वापरण्याचा मोह होतो, पण तो लागू पडत नाही. संपूर्ण पक्षाने एक आघाडी सोडून दुसरी केली होती. त्यामागे खरे मतभेदही होते. तुटीचा अर्थसंकल्प, वाढती बेकारी आणि नाटोच्या डिसेंबर १९७९ च्या निर्णयानुसार मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे तैनात करायची की नाही, या प्रश्नांवर सोशल डेमोक्रॅट पक्ष स्वतःच्याच चॅन्सेलरपासून दूर सरकत होता. गेन्शर यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये पक्षजनांना लिहिलेल्या पत्रात 'वळण' घेण्याची गरज बोलून दाखवली होती. सप्टेंबर १९८२ मध्ये अर्थमंत्री ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांनी सामाजिक खर्चाला कात्री लावणारे टिपण सादर केले, ते जवळजवळ फारकतीच्या कागदासारखेच होते. १७ सप्टेंबरला एफडीपीचे चारही मंत्री बाहेर पडले आणि १ ऑक्टोबरला श्मिट यांच्यावर रचनात्मक अविश्वास ठराव मंजूर झाला. रचनात्मक म्हणजे केवळ जुन्या चॅन्सेलरला हटवता येत नाही, त्याच मतदानात नवा निवडावा लागतो. २४९ मते पुरेशी होती, कोल यांना २५६ मिळाली.

घटनेच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. आक्षेप नैतिक होता, कारण १९८० च्या निवडणुकीत एफडीपीने श्मिट यांच्यासोबतच सरकार बनवण्याचे सांगून १०.६ टक्के मते घेतली होती. त्यांच्याच पक्षाच्या हिल्डेगार्ड हाम-ब्र्युशर यांनी त्या दिवशी सभागृहात उभे राहून सांगितले की, मतदारांचा कौल न घेता श्मिट यांनी जाणे आणि मतदारांचा कौल न घेता कोल यांनी येणे, हे दोघांच्याही वाट्याला यायला नको होते. ते भाषण मी आजही जर्मन संसदेतील उत्तम भाषणांत मोजतो. पक्षाचे सरचिटणीस ग्युंटर फरहॉयगन यांच्यासह अनेक जण सोशल डेमोक्रॅट पक्षात गेले. हेसे राज्याच्या निवडणुकीत एफडीपीला ३.१ टक्के मते मिळाली, आणि मार्च १९८३ च्या संसदीय निवडणुकीत सात टक्क्यांवर पक्ष जेमतेम तगला. १९८५ मध्ये गेन्शर यांनी पक्षाध्यक्षपद सोडले, मंत्रिपद मात्र सोडले नाही.

माझे मत असे की निर्णय कदाचित अटळ होता, पण तो घेण्याची रीत कोती होती. अटळच होता तर आधी निवडणूक घ्यायला हवी होती. ती पाच महिन्यांनी झाली.

हालेकर

गेली काही वर्षे नोकरीनिमित्त हालेमध्ये राहत असल्यामुळे या धाग्यावर लिहिण्याचा थोडा अधिकार आहे, असे समजतो. राइडेबुर्ग आता शहराचाच भाग झाले आहे आणि गेन्शर यांचे जन्मघर जर्मन एकीकरणाविषयीचे संग्रहालय म्हणून जपले आहे. येथील वयस्कर माणसे त्यांच्याबद्दल बोलताना पद किंवा पक्ष यांच्याआधी त्यांच्या बोलीचा उल्लेख करतात. चाळीस वर्षे पश्चिमेत राहूनही त्यांच्या उच्चारांतला हालेचा सूर गेला नाही, याचे त्यांना अपार कौतुक आहे. डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत तर एफडीपीने हालेचा मतदारसंघ थेट जिंकला. उमेदवार दुसरेच होते, पण मते कुणाच्या नावावर पडली हे सर्वांना माहीत होते. कोकणकडा यांनी 'एकही मतदारसंघ न जिंकता' असे म्हटले आहे, त्याला एवढा एक अपवाद जोडावा.

प्रागच्या प्रसंगाविषयी. मुळात गेन्शर यांना त्या वर्षीच्या जुलैमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. सप्टेंबरअखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी ते न्यूयॉर्कला गेले, ते प्रकृती सांभाळूनच. तेथे सोव्हिएत परराष्ट्रमंत्री एदुआर्द शेवार्दनाझे आणि पूर्व जर्मनीचे परराष्ट्रमंत्री ओस्कार फिशर यांच्याशी त्यांच्या भेटीगाठी झाल्या. वकिलातीची इमारत म्हणजे लोबकोविट्झ राजवाडा. त्याच्या बागेत पावसाने चिखल झालेला, तंबू उभारलेले, आणि सुमारे चार हजार माणसे, त्यात लहान मुले. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी गेन्शर सज्जात आले आणि म्हणाले, "आम्ही आपल्याकडे आलो आहोत ते हे सांगण्यासाठी की, आज आपले प्रस्थान..." वाक्याचा उरलेला भाग जल्लोषात बुडाला. ध्वनिफीत ऐकली तर क्रियापदापर्यंत ते पोहोचलेच नाहीत असे लक्षात येते. जर्मनमधील अशा उपवाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठीसारखेच, आणि तरीही कुणाला ते ऐकण्याची गरज भासली नाही.

पण खरी मुत्सद्देगिरी त्या अर्धवट वाक्यानंतर सुरू झाली. या लोकांना पश्चिमेकडे नेणाऱ्या रेल्वेगाड्या पूर्व जर्मनीतूनच जातील, अशी अट पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या सरकारने घातली होती, म्हणजे आपणच या नागरिकांना देशाबाहेर पाठवले असे दाखवता यावे. बागेतल्या लोकांना हे कळताच ते धास्तावले, आणि ते साहजिक होते. ज्या मुलखातून जीव मुठीत धरून निघालो, त्याच मुलखातून बंद गाडीने परत जायचे? गेन्शर यांनी त्यांना वैयक्तिक हमी दिली, स्वतः कसे निघून आलो ते सांगितले, आणि प्रत्येक गाडीत पश्चिम जर्मनीचे वरिष्ठ अधिकारी बसवले. या कामात चॅन्सेलर कार्यालयाचे मंत्री रुडोल्फ झाइटर्स बरोबरीने होते, त्यांचे नाव नेहमी मागे पडते. गाड्या ड्रेस्डेनवरून सुखरूप गेल्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खेपेच्या गाड्या आल्या, तेव्हा त्यांत चढता यावे म्हणून ड्रेस्डेन स्थानकावर हजारोंची गर्दी लोटली आणि पोलिसांशी चकमकी झाल्या. म्हणजे होनेकर यांनी प्रतिष्ठेसाठी घातलेली अटच त्यांच्या अंगाशी आली.

कोकणकडा

तिसरी घंटा यांनी गियोम प्रकरणाची आठवण करून दिली हे योग्यच झाले, आणि हालेकर यांची दुरुस्ती मान्य.

तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. वेग आणि धाडस कोल यांचे होते, यात शंका नाही. नोव्हेंबर १९८९ मधील एकीकरणाचा दहा कलमी कार्यक्रम त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांनाही न सांगता जाहीर केला. मात्र त्या कार्यक्रमात पोलंडच्या सीमेविषयी अवाक्षर नव्हते, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. ओडर-नाइसे रेषेपलीकडचा, म्हणजे युद्धानंतर पोलंडकडे गेलेला प्रदेश जर्मनी पुन्हा मागणार नाही, हे गेन्शर यांनी भिंत पडण्याच्या सहा आठवडे आधीच, २७ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांतील भाषणात, पोलंडचे परराष्ट्रमंत्री स्कुबिशेव्स्की यांना उद्देशून सांगून टाकले होते. कोल यांना त्या प्रदेशातून हाकलल्या गेलेल्या विस्थापितांच्या संघटनांची मते सांभाळायची असल्यामुळे ते पुढे कित्येक महिने चाचरत राहिले. अखेर १४ नोव्हेंबर १९९० रोजी वॉर्सा येथे सीमेच्या करारावर सही केली ती गेन्शर आणि स्कुबिशेव्स्की यांनीच.

मॉस्कोचा विश्वास ही त्यांची दुसरी कमाई. १ फेब्रुवारी १९८७ रोजी दावोस येथे त्यांनी, गोर्बाचेव्ह यांना गांभीर्याने घेऊ या, त्यांच्या शब्दाला धरू या, असे आवाहन केले, तेव्हा मित्रराष्ट्रांत त्यांची थट्टा झाली. 'गेन्शरवाद' म्हणजे दोन्ही दगडांवर पाय, असा तो टोमणा होता. तीन वर्षांनी त्याच विश्वासावर वाटाघाटी झाल्या. ११ जून १९९० ला शेवार्दनाझे त्यांना ब्रेस्त येथे घेऊन गेले, जेथे शेवार्दनाझे यांचा भाऊ १९४१ मध्ये जर्मन आक्रमणाच्या सुरुवातीलाच मारला गेला होता. दोघांनी मिळून त्याच्या कबरीवर फुले वाहिली. असे प्रसंग कराराच्या मसुद्यात दिसत नसतात.

एकीकरणाच्या वाटाघाटींना दिलेल्या 'दोन अधिक चार' या नावातला क्रमही अर्थपूर्ण आहे. दोन जर्मन राज्ये आधी आणि युद्धातील चार विजेते नंतर, कारण जर्मनीविषयी चौघांनी परस्पर निर्णय घ्यावा, हे गेन्शर यांना मुळीच मान्य नव्हते. फेब्रुवारी १९९० मध्ये ओटावा येथे हे सूत्र ठरले आणि १२ सप्टेंबरला मॉस्कोत करार झाला. जर्मन सैन्याची मर्यादा ३,७०,००० ठरली. सहीच्या आदल्या रात्री, पूर्वेकडील भागात नाटोला सराव करता येतील की नाही यावर ब्रिटिशांनी अडून धरले आणि सारे कोलमडते की काय अशी वेळ आली. गेन्शर यांनी मध्यरात्रीनंतर अमेरिकी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांना झोपेतून उठवायला लावले. सकाळपर्यंत एका पुरवणी टिपणाने तोडगा निघाला.

पिंपळपान (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न. नाटो पूर्वेकडे सरकणार नाही असे आश्वासन गेन्शर यांनी रशियाला दिले होते, असे वारंवार वाचायला मिळते. ते कितपत खरे? आणि एकीकरणाच्या यशानंतर अवघ्या दीड वर्षात त्यांनी पद का सोडले?

तिसरी घंटा

पहिल्याबद्दल. ३१ जानेवारी १९९० रोजी टुटसिंग येथील भाषणात त्यांनी म्हटले की, नाटोचा प्रदेश पूर्वेकडे, म्हणजे सोव्हिएत सीमेच्या जवळ, वाढवला जाणार नाही, असे नाटोने जाहीर करावे. बेकर यांनीही ९ फेब्रुवारीला मॉस्कोत त्याच धर्तीचे शब्द वापरले. परंतु सही झालेल्या करारात पूर्व जर्मनीच्या भूमीपुरतीच तरतूद आहे. तेथे परकीय सैन्य आणि अण्वस्त्रे ठेवायची नाहीत, एवढेच बंधन आहे. पोलंड किंवा हंगेरीविषयी त्यात काहीही नाही, आणि तेव्हा सोव्हिएत गटाची लष्करी आघाडी, वॉर्सा करार संघटना, अस्तित्वात होती, हेही विसरता येत नाही. तेव्हा विधान केले होते हे खरे, आणि ते करारात उतरले नाही हेही तितकेच खरे. जो तो आपल्या सोयीचे अर्धे उचलतो.

दुसऱ्याबद्दल. प्रकृतीचे कारण होतेच. पण त्याआधीचे वर्ष त्यांना सुखाचे गेले नाही. आखाती युद्धात सैन्य न पाठवता अब्जावधी मार्क दिल्याबद्दल जर्मनीवर 'धनादेशाची मुत्सद्देगिरी' असा शिक्का बसला. मग युगोस्लाव्हिया. क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांना मान्यता देण्याचा निर्णय जर्मनीने २३ डिसेंबर १९९१ रोजी, युरोपीय समुदायाने ठरवलेल्या १५ जानेवारी या तारखेची वाट न पाहता जाहीर केला. घाईच्या मान्यतेने बोस्नियात वणवा पेटेल, असा इशारा संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस पेरेझ द क्वेयार यांनी त्यांना पत्राने दिला होता. क्रोएशियातील वुकोवार शहर नोव्हेंबरमध्येच उद्ध्वस्त झाले होते, तेव्हा मान्यतेमुळे युद्ध सुरू झाले असे म्हणता येत नाही. पण १९७५ च्या हेलसिंकी येथील युरोपीय सुरक्षा परिषदेपासून सर्वांना सोबत घेऊन चालण्याची ज्यांची ख्याती, त्यांनी येथे बाकीच्यांना फरफटत नेले, असे मला वाटते. प्रागचा सज्जा जितक्या वेळा दाखवला जातो, त्याच्या दशांशानेही हा प्रसंग सांगितला जात नाही.

हालेकर

क्रोएशियाबाबत तिसरी घंटा यांच्याशी बराचसा सहमत आहे, फक्त तेव्हा जर्मनीतील जवळपास सर्व पक्ष आणि वृत्तपत्रे मान्यतेच्या बाजूने होती, एवढी नोंद असू द्यावी.

राजीनाम्याची घोषणा त्यांनी २७ एप्रिल १९९२ रोजी अचानक केली आणि १८ मे रोजी, म्हणजे पदग्रहणाला अठरा वर्षे पूर्ण होऊन एक दिवस झाल्यावर, कार्यभार क्लाउस किंकेल यांच्याकडे सोपवला. १९८२ मध्ये आघाडी बदलताना मधले दोन-अडीच आठवडे ते मंत्री नव्हते, तेवढा खंड वगळला तर सलग. खासदार मात्र ते १९९८ पर्यंत होते. त्यांच्या अखंड प्रवासांवरून एक विनोद येथे अजून सांगतात: अटलांटिकवर दोन विमानांची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांत गेन्शर होते. त्यांचा पिवळा स्वेटर तर इतका प्रसिद्ध झाला, की तो पक्षाचा रंग आहे हे विसरून लोक त्याला गेन्शर यांचाच रंग मानू लागले.

निवृत्तीनंतरचे एक काम या धाग्यात आले नाही म्हणून लिहितो. रशियात दहा वर्षे तुरुंगात असलेले उद्योगपती मिखाईल खोदोर्कोव्स्की यांच्या सुटकेसाठी ते पडद्यामागे दीर्घकाळ खटपट करीत होते. डिसेंबर २०१३ मध्ये खोदोर्कोव्स्की बर्लिनला उतरले, तेव्हा विमानतळावर त्यांना घ्यायला शहाऐंशी वर्षांचे गेन्शर स्वतः गेले होते. ३१ मार्च २०१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि शासकीय शोकसभा बर्लिनमध्ये न होता बॉन येथे, संसदेच्या जुन्या सभागृहात झाली.